सर्व्हरची डिस्क भरायच्या आधी: फोल्डरांच्या आकारावर पहारा कसा बसवायचा

चवथीचा, म्हणजे आमच्या गोव्यातल्या गणेश चतुर्थीचा, दुसरा दिवस. मी सत्तरी तालुक्यात मूळ घरी, माटोळीखाली (गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली) पाट मांडून बसलेलो, आणि किनाऱ्यावरच्या एका हॉटेलातून फोन: ‘बिल येना, मात्शें पळय रे’, म्हणजे बिल येत नाही, जरा बघ रे. काउंटरसमोर चेकआउटची रांग. फोनच्या हॉटस्पॉटवर कसाबसा सर्व्हर उघडला तर /व्हार हे लॉग, मेल आणि डेटाबेस ठेवायचं १६० जीबीचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) शंभर टक्के भरलेलं. बिलिंग सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने हरतालिकेच्या आदल्या दिवशी दुपारी काहीतरी तपासायला डीबग लॉग (प्रोग्रामच्या बारीकसारीक हालचालींची नोंद) चालू केला आणि बंद करायला विसरून तो सुट्टीवर गेला. एकच फाइल, ६१ जीबी.

मला लाज वाटली ती पुढच्या गोष्टीची. डिस्क ८० टक्क्यांवर गेली की मेल पाठवणारी स्क्रिप्ट त्या सर्व्हरवर मीच लावली होती आणि ती इमानेइतबारे चालली होती. रूटच्या (सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या) मेलबॉक्समध्ये, त्याच सर्व्हरवर, त्याच भरत चाललेल्या /व्हारमध्ये, २१२ मेल पडले होते. दर १० मिनिटांनी एक, म्हणजे ३५ तास घंटा वाजत होती आणि ती फक्त त्या मशीनलाच ऐकू येत होती.

त्यानंतर मी ही व्यवस्था पहिल्यापासून बांधली. ती कशी बांधली तेच इथे सांगतो. लिनक्स सर्व्हर धरून लिहिलंय, विंडोजचा उल्लेख शेवटाकडे आहे. कमांडांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच लहान रोमन अक्षरांत टाकायची.

आधी काय मोजतोय ते समजून घ्या

दोन कमांड रोजच्या. ‘डीएफ’ फाइलसिस्टमलाच (डिस्कवरच्या फायलींचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेलाच) विचारते की एकूण किती, वापरलेलं किती, मोकळं किती. ती क्षणात उत्तर देते. ‘डीयू’ फोल्डरमध्ये शिरून एकेक फाइल मोजत जाते, म्हणून लाखो फायली असल्या की मिनिटं लागतात आणि डिस्कवर ताण येतो. पहाऱ्यासाठी दोन्ही हव्यात. घरात आग लागली हे डीएफ सांगते, कुठल्या खोलीत ते डीयू.

या दोघींचे आकडे जुळत नाहीत तेव्हा नवखा माणूस चक्रावतो. कारणं ठरलेली आहेत, पण पहिलं सगळ्यांत जास्त छळतं.

फाइल डिलीट केली, पण ती उघडून बसलेला प्रोग्राम अजून चालू आहे. अशा वेळी नाव जातं, जागा सुटत नाही. डीयूला फाइल दिसत नाही आणि डीएफचा आकडा खाली येत नाही. मोठा लॉग घाईघाईने ‘आरएम’ने उडवणाऱ्यांची हमखास होणारी फसगत ही. ‘एलएसओएफ’ला अधिक चिन्ह, मोठा एल आणि १ असा पर्याय दिला की अशा नाव गेलेल्या पण उघड्या फायलींची यादी मिळते. तो प्रोग्राम रीस्टार्ट केला की जागा सुटते. म्हणूनच चालू लॉग कधी डिलीट करायचा नसतो, ‘ट्रंकेट’ने शून्यावर आणायचा असतो.

दुसरं, ईएक्सटी४ फाइलसिस्टम मुळात ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. १ टीबीच्या डेटा डिस्कवर ती ५० जीबी होते. जिथे नुसता डेटा आहे तिथे ‘ट्यून२एफएस’ने ती १ टक्क्यावर आणता येते, सिस्टमच्या मूळ पार्टिशनवर मात्र हात लावू नका, अडचणीच्या दिवशी लॉगिन करून साफसफाई करायला तीच जागा उपयोगी पडते. तिसरं, एखाद्या फोल्डरवर नंतर दुसरी डिस्क माउंट केली (जोडली) तर आधी त्यात पडलेल्या फायली खाली झाकल्या जातात, जागा खातात पण दिसत नाहीत. बॅकअपची बाहेरची डिस्क एखाद्या रात्री माउंट झालीच नाही की बॅकअप थेट मूळ डिस्कवर पडतो, तो याच वाटेने.

शिवाय आयनोड आहेत, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणारी एकेक नोंद. ईएक्सटी४ फॉरमॅट करतानाच आयनोडची संख्या ठरते, साधारण दर १६ केबीला एक. बारीक बारीक फायलींचा ढीग झाला, पीएचपीची सेशन किंवा कॅशच्या फायली, तर जागा अर्धी मोकळी असूनही ‘नो स्पेस लेफ्ट’ हीच चूक येते. ‘डीएफ’ला आय हा पर्याय दिला की आयनोडचा हिशेब मिळतो. एक्सएफएस गरजेप्रमाणे आयनोड बनवते, तिथे हा त्रास सहसा होत नाही. डिस्कच्या टक्केवारीसोबत आयनोडची टक्केवारीही स्क्रिप्टमध्ये घालाच. एका ओळीचं काम आहे.

पहिली पायरी: यादी, आणि प्रत्येक नावापुढे एक माणूस

सगळी डिस्क दर १० मिनिटांनी डीयूने चाळायची नसते. वाढू शकणारी फोल्डरं प्रत्येक सर्व्हरवर पाच-दहाच असतात. ती शोधायला ‘एनसीडीयू’ एकदा चालवा. बाणांच्या कळांनी फोल्डरात शिरत मोठं काय ते दिसतं. ते बसवता येत नसेल तर डीयूला खोली एक, ‘एक्स’ म्हणजे दुसऱ्या फाइलसिस्टममध्ये न शिरणं, आणि पुढे ‘सॉर्ट’ला एच. तेवढ्यावर भागतं.

माझ्याकडे बहुतेक सर्व्हर हॉटेलं, दोन-तीन कारखाने आणि एका पतसंस्थेचे. त्यांच्यावर वाढणारी ठिकाणं तीच तीच निघतात: लॉग, डेटाबेस, बॅकअप, अपलोड, डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरांत, म्हणजे डब्यांत, चालवणारी व्यवस्था). हॉटेलात अपलोड म्हणजे पाहुण्यांच्या ओळखपत्रांचे स्कॅन. डिसेंबरात रिसेप्शनवरचा पोरगा घाईत पासपोर्ट ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करतो आणि एकेक पान २०–२५ एमबीचं होतं. हा त्रास डिस्क वाढवून सुटत नाही, स्कॅनरची सेटिंग बदलून सुटतो.

यादी एका साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवा, एका ओळीत एक फोल्डर. माझी अशी असते:

/व्हार/लॉग : इशारा ८ जीबी, धोका १५ जीबी : मी
/व्हार/लिब/मायएसक्यूएल : इशारा ४० जीबी, धोका ६० जीबी : मी
/एसआरव्ही/स्कॅन : इशारा ५० जीबी, धोका ८० जीबी : हॉटेलचा अकाउंटंट
/एसआरव्ही/बॅकअप : धोका १२० जीबी, आणि शेवटची फाइल २०० एमबीपेक्षा लहान नको : मी

शेवटचा रकाना चैनीचा नाही. स्कॅन कुठले ठेवायचे, कुठले काढायचे हे ठरवणं माझ्या हातात नाही, त्यामुळे तो इशारा मला येऊन उपयोग शून्य.

शेवटच्या ओळीतली ‘लहान नको’ ही अट बघा. आकारावरचा पहारा म्हटलं की सगळे फक्त वाढीकडे बघतात. डेटाबेसचा डंप (माहितीची काढलेली प्रत) फाइल आवळणाऱ्या ‘जीझिप’मधून जातो, पासवर्ड बदलल्यामुळे डंप रिकामा निघतो, आणि जीझिप रिकाम्या माहितीचीही नीटनेटकी फाइल बनवते: बरोबर २० बाइटची. तारीख आजची, नाव बरोबर, आत काही नाही. बॅकअपच्या फोल्डरात २० बाइटची फाइल दिसली तर चहा बाजूला ठेवा. नवा डंप कालच्यापेक्षा निम्म्याहून लहान असेल तर थेट ‘धोका’, अशी अट मी घालतो.

दुसरी पायरी: मोजणारी स्क्रिप्ट

बॅशमध्ये (लिनक्सच्या कमांडांच्या भाषेत) ५०–६० ओळींत मावते. क्रम असा.

सुरुवातीला ‘एफलॉक’ने कुलूप घ्या, वाट न बघता. आधीची फेरी अजून चालू असेल तर ही फेरी गुपचूप बाहेर पडेल. हे केलं नाही तर मंद डिस्कवर डीयूवर डीयू साचतात आणि पहारेकरीच सर्व्हर झोपवतो.

मग पार्टिशनांची फेरी. डीएफला स्थानिक फाइलसिस्टमच बघायला सांगा, नाहीतर बंद पडलेल्या एनएफएस (नेटवर्कवरून फायली देणाऱ्या) सर्व्हरची वाट बघत ती लटकून राहते. आकडे बाइटमध्ये मागा, ‘जी’ आणि ‘एम’वाले वाचायला सोपे पण तुलनेला कुचकामी. टीएमपीएफएस, ओव्हरले आणि स्क्वॉशएफएस हे प्रकार वगळा. उबुंटूवर स्नॅपची पार्टिशनं कायम १०० टक्के भरलेलीच असतात, ती तशीच असायची असतात. ती वगळली नाहीत तर पहिल्याच दिवशी वीस खोटे इशारे येतील आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कुठलाच इशारा वाचणार नाही.

त्यानंतर यादीतली फोल्डरं. प्रत्येकासाठी डीयू, बेरीज फक्त, एक्स पर्यायासह, बाइटमध्ये. पुढे ‘नाइस’ १९ लावा आणि ‘टाइमआउट’ ५ मिनिटांचा. पाच मिनिटांत न मोजता येणारं फोल्डर दर १० मिनिटांच्या यादीत नकोच, त्याला रात्रीच्या फेरीत टाका. फार मोठ्या झाडांसाठी एक्सएफएसचा प्रोजेक्ट कोटा हा उत्तम मार्ग आहे: फोल्डरला क्रमांक द्यायचा, मग फाइलसिस्टमच त्याचा हिशेब ठेवते आणि एकही फाइल न चाळता आकडा मिळतो.

इथे एक खाच आहे. डीयू मोजत असताना एखादी तात्पुरती फाइल नाहीशी झाली की ती तक्रार करते आणि ‘चूक’ असा निकाल देऊन संपते, आकडा बरोबर असला तरी. स्क्रिप्टमध्ये ‘सेट’ला ई आणि पाइपफेल लावलेलं असेल तर स्क्रिप्ट तिथेच मरते, एक शब्द न बोलता. म्हणून डीयूच्या ओळीपुरती चूक गिळा, पण हाती आलेला आकडा खरंच आकडा आहे ना ते तपासा. रिकामं उत्तर आलं तर त्याला शून्य समजू नका. ‘मोजता आलं नाही’ हा वेगळा इशारा करा.

प्रत्येक मोजणीची नोंद इतिहासाच्या फाइलमध्ये: वेळ सेकंदात, मार्ग, बाइट. दर १० मिनिटांनी म्हणजे एका मार्गाच्या दिवसाला १४४ ओळी. दहा मार्ग, ३० दिवस धरले तर ४३,२०० ओळी, अडीच एमबीच्या आसपास. जुन्या ओळी रोज छाटा. आकारावर लक्ष ठेवणाऱ्या स्क्रिप्टच्या लॉगने डिस्क भरली असं मी एकदा बघितलंय, आणि ती स्क्रिप्ट कुणाची होती ते सांगणार नाही.

एक खबरदारी सगळ्या ठिकाणी. डिस्क भरलेली असताना चालायची म्हणूनच तर ही स्क्रिप्ट आहे, तेव्हा तिने चालायला डिस्कवर जागा मागू नये. चालू स्थितीची फाइल /रन मध्ये ठेवा, ते मेमरीत असतं. तात्पुरत्या फायली टाळा. जुन्या बॅशमध्ये हिअर-डॉक्युमेंटसुद्धा (स्क्रिप्टमध्येच लिहून कमांडला दिलेला मजकूर) /टीएमपी मध्ये फाइल बनवतं आणि जागा नसली की फसतं. इतिहासात लिहिता आलं नाही तरी इशारा गेलाच पाहिजे, या क्रमाने ओळी लिहा.

तिसरी पायरी: उंबरठा टक्क्यांत नको, तासांत

या लेखातलं मला खरं सांगायचंय ते हे. पावसाळ्यात आमच्या साखळी गावच्या बाजारात वाळवंटी नदीचं पाणी कुठवर आलं एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. तासाभरात किती चढलं, अंजुणे धरणातून पाणी सोडलंय का, हे आधी विचारतात, कारण दुकानातला माल वर चढवायला किती वेळ आहे ते त्यावर ठरतं. डिस्कचंही तसंच. ९२ टक्के भरलेली ४ टीबीची डिस्क वर्षभर तशीच राहू शकते. त्या चवथीला ८० टक्क्यांवर पहिला मेल पडला तेव्हा ३२ जीबी शिल्लक होते; ऐकायला भरपूर. पण लॉग ताशी सुमारे ०.९ जीबीने वाढत होता. भागाकार केला असता तर ३५ तास एवढंच उत्तर होतं.

तेव्हा इतिहासाच्या फाइलमधून दोन वेग काढा. एक गेल्या सहा तासांचा, दुसरा गेल्या सात दिवसांचा. मोकळी जागा भागिले ताशी वाढ, म्हणजे उरलेले तास. सहा तासांच्या वेगाने २४ तासांपेक्षा कमी उरत असतील तर धोका. सात दिवसांच्या वेगाने २१ दिवसांपेक्षा कमी उरत असतील तर साधा इशारा: घाई नाही, पण डिस्क मागवा किंवा साफसफाई ठरवा. वाढ शून्य किंवा उणे असेल तर भागाकार करूच नका.

सहाऐवजी एका तासाचा वेग घेतला तर रात्री २ वाजता बॅकअप लिहिला जाताना रोज कांगावा होतो. बारा तास घेतले तर खऱ्या संकटात उशीर होतो. सहा हा आकडा माझ्या अनुभवाचा, तुमच्या बॅकअपच्या वेळा बघून तो बदला. वेगासोबत एक ठाम तळरेषाही ठेवा, उदाहरणार्थ ५ जीबीपेक्षा कमी मोकळं असेल तर वेग काहीही असो, धोका. हळूहळू भरत गेलेल्या डिस्कला वेगाची अट पकडत नाही.

फोल्डरांसाठी यादीतले आकडे आहेतच. त्यात वाढीची एक अट जोडा: कालच्या याच वेळेपेक्षा दुप्पट झालं तर कळव. कालच्या ‘याच वेळेशी’ तुलना करायची, कारण हॉटेलचा दिवस सकाळी अकराला आणि रात्री अकराला सारखा नसतो.

आणि इशाऱ्याला आठवण असू दे. स्थिती बदलली की एकदा कळव. धोका कायम असेल तर तासाने पुन्हा. इशारा ९० टक्क्यांवर चढत असेल तर उतरताना ८५ च्या खाली गेल्यावरच ‘ठीक’ म्हण. नाहीतर ८९.९ आणि ९०.१ च्या मध्ये झोके घेत रात्रभर फोन वाजतो. ‘ठीक झालं’ हा निरोपही पाठवा, तो न आल्याने मी एकदा पर्वरीहून कारण नसताना गाडी काढली होती.

चौथी पायरी: निरोप माणसापर्यंत पोचवणं

इथेच मी आपटलो होतो, म्हणून जरा सावकाश. सर्व्हरवरच्या ‘मेल’ कमांडने ‘पाठवला’ म्हटलं म्हणजे निरोप स्थानिक रांगेत पडला, एवढंच. बरेच क्लाउडवाले बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद ठेवतात. ते उघडं असलं तरी ओळख नसलेल्या सर्व्हरचा मेल स्पॅममध्ये जातो. ‘एमएसएमटीपी’ हा छोटा प्रोग्राम बसवा, त्याला तुमच्या नेहमीच्या मेलसेवेचा पत्ता, पोर्ट ५८७ आणि ॲप-पासवर्ड द्या. तो रांग न ठेवता थेट पाठवतो, त्यामुळे डिस्क भरलेली असतानाही मेल जातो आणि न गेल्यास तिथल्या तिथे चूक कळते. पोस्टफिक्स हा नेहमीचा मेल सर्व्हर तसा नाही, रांगेच्या जागी पुरेशी जागा नसली की तो मेल घेतच नाही.

धोक्यासाठी मेल पुरत नाही, फोन वाजायला हवा. मी टेलिग्रामचा बॉट वापरतो. बॉटफादर नावाच्या अधिकृत बॉटशी बोलून नवा बॉट बनवायचा, टोकन मिळतं. एक ग्रुप काढून बॉटला त्यात घ्यायचं, ग्रुपचा चॅट क्रमांक शोधायचा, आणि स्क्रिप्टमधून ‘कर्ल’ने ‘सेंडमेसेज’ला हाक मारायची. मजकूर ‘डेटा-यूआरएलएनकोड’ पर्यायाने पाठवला तर मराठी निरोप न तुटता पोचतो. टोकन वेगळ्या फाइलमध्ये, वाचायचा हक्क फक्त रूटला. कर्लला १५ सेकंदांची मर्यादा घाला.

निरोपात काय असावं? ‘डिस्क ९१%’ असा निरोप रात्री दोन वाजता डोळे चोळत वाचून काहीच कळत नाही. माझा असा असतो:

‘धोका. हॉटेल-१, /व्हार. उरले ९ जीबी, या वेगाने सुमारे ५ तास. सहा तासांत सर्वांत वाढलेलं: /व्हार/लॉग/बिलिंग, ताशी १.८ जीबी. आधी डीबग लॉग बघ.’

शेवटचं वाक्य यादीच्या फाइलमध्येच प्रत्येक फोल्डरापुढे लिहून ठेवलेलं असतं. शांत डोक्याने दिवसा लिहिलेली सूचना रात्री कामाला येते.

आता उलटा प्रश्न. स्क्रिप्टच बंद पडली तर? वीज गेली, यूपीएस संपला, इंटरनेट तुटलं, पेडण्यात आणि सत्तरीत जूनमध्ये हे नित्याचं. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीची, म्हणजे पाणी आतबाहेर सोडणाऱ्या फाटकाची, दारं भरती-ओहोटीला आपली आपण उघडमीट करतात, तरी बांधावरून फेरी मारून दारात काही अडकलं नाही ना ते बघणारा माणूस लागतोच. आपल्याकडे ते काम उलट्या घंटेचं. स्क्रिप्टने प्रत्येक यशस्वी फेरीच्या शेवटी बाहेरच्या एका पत्त्यावर टकटक करायची. अर्धा तास टकटक आली नाही तर तिकडून आपल्याला निरोप येतो. हेल्थचेक्स नावाची मुक्तस्रोत सेवा नेमकं हेच करते, स्वतःच्या दुसऱ्या सर्व्हरवरही बसवता येते. दुसऱ्या म्हणजे खरोखर दुसऱ्या, त्याच यूपीएसवरच्या शेजारच्या मशीनवर नव्हे.

पाचवी पायरी: वेळापत्रक

ठरल्या वेळी कमांड चालवणारा क्रॉन पुरतो, दर १० मिनिटांनी. तीन गोष्टी सांभाळा. क्रॉनचा ‘पाथ’ (कमांड शोधायच्या जागांची यादी) तोकडा असतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये वर पूर्ण पाथ लिहा. हाताने चालते पण क्रॉनमध्ये चालत नाही याचं दहापैकी आठ वेळा कारण हेच. क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, तेव्हा तारखेचे खेळ तिथे नकोत, स्क्रिप्टच्या आत करा. आणि स्क्रिप्ट मूळ रूटच्या हक्काने चालवा, नाहीतर डीयूला काही फोल्डरं उघडताच येत नाहीत आणि आकडा कमी येतो.

रोजची मोठी मोजणी मात्र मी सिस्टमडीच्या (लिनक्सवरच्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) टायमरवर ठेवली आहे. ‘पर्सिस्टंट’ हो केलं की वीज गेल्यामुळे चुकलेली फेरी मशीन उठल्यावर भरून निघते.

सहावी पायरी: मुद्दाम डिस्क भरा

तपासल्याशिवाय घंटेवर भरवसा नको. ‘एफअलोकेट’ने यादीतल्या एका फोल्डरात खरोखर जागा अडवणारी २० जीबीची फाइल क्षणात बनते. ‘ट्रंकेट’ने बनवू नका, ती विरळ फाइल होते, ‘एलएस’ला २० जीबी दिसते आणि डीयूला शून्य. चालू सर्व्हरवर करत असाल तर मोकळी जागा बघूनच आकडा ठरवा. मग घड्याळ लावून बघा: किती मिनिटांत फोन वाजला? ज्याचं नाव लिहिलंय त्याचाच वाजला? फाइल काढल्यावर ‘ठीक’ आलं? नंतर क्रॉनची ओळ बंद करून अर्धा तास थांबा, उलटी घंटा वाजते का बघा.

हे करताना अशीच १ जीबीची एक फाइल कायमची ठेवून द्या, नाव ‘राखीव’. खरंच शंभर टक्के भरलं त्या दिवशी पहिली ती उडवायची. श्वास घ्यायला जागा मिळते आणि मग डोकं चालतं.

इशारा आल्यावर

‘फाइंड’ने ५०० एमबीवरच्या आणि गेल्या ६० मिनिटांत बदललेल्या फायली शोधा, बहुतेक वेळा गुन्हेगार पहिल्या तीनात असतो. लॉग असेल तर ट्रंकेट. सिस्टमडीचा जर्नल (त्याचा स्वतःचा लॉग) असेल तर ‘जर्नलसीटीएल’ला व्हॅक्यूम-साइज ५०० एमबी सांगा आणि त्याच्या कॉन्फिगमध्ये कमाल मर्यादा कायमची घाला, मुळात तो फाइलसिस्टमच्या १० टक्क्यांपर्यंत, कमाल ४ जीबी, जागा घेतो.

डॉकरचा कंटेनर लॉग हा लपलेला चोर. त्याची नेहमीची जेएसओएन-फाइल पद्धत लॉग आपणहून फिरवत नाही, वाढतच जातो. डीमनच्या कॉन्फिगमध्ये कमाल आकार आणि फायलींची संख्या लिहा. ती नव्याने बनवलेल्या कंटेनरांनाच लागू होते, जुने पुन्हा बनवावे लागतात.

लॉगरोटेटवर (जुना लॉग बाजूला काढून नवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामवर) ‘साइज १०० एमबी’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. ते स्वतः सहसा दिवसातून एकदाच जागं होतं. दुपारी फुगलेली फाइल त्याला रात्रीच दिसते. फुगणाऱ्या लॉगसाठी त्याला तासाला चालवा आणि ‘मॅक्ससाइज’ वापरा.

डेटाबेसच्या फोल्डरात मात्र हाताने काही उडवायचं नाही, कितीही घाम फुटला तरी. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ‘पीजी-वॉल’ फोल्डरातल्या फायली (वॉल म्हणजे डेटाबेसच्या बदलांची नोंद) लॉगसारख्या दिसतात म्हणून उडवल्या तर डेटाबेस उठतच नाही. ते फोल्डर वाढतंय तर बंद पडलेला रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीसाठी, म्हणजे रेप्लिकासाठी, वॉल राखून ठेवणारा) किंवा फसणारी आर्काइव्ह कमांड (वॉलची प्रत दुसरीकडे ठेवणारी) शोधा. आवृत्ती १३ पासून स्लॉटने किती वॉल धरून ठेवायचे याला मर्यादा घालता येते. मायएसक्यूएल ८ बायनरी लॉग मुळात ३० दिवस ठेवतो. कमी हवे असतील तर मुदतीची सेटिंग बदला, आणि तातडी असेल तर ‘पर्ज बायनरी लॉग्ज’ ही त्याचीच कमांड वापरा, तीही रेप्लिका कुठवर आली ते बघून.

लाखो बारीक फायली उडवायच्या असतील तर ‘आरएम’ आणि तारांकन चालणार नाही, यादी फार लांब म्हणून नकार येतो. फाइंडचाच डिलीट पर्याय वापरा.

तयार साधनं घ्यावीत का?

एक-दोन सर्व्हर असतील तर ‘मॉनिट’ बघा. फाइलसिस्टमची टक्केवारी, आयनोड, एखाद्या फाइलचा आकार, सगळ्याच्या अटी साध्या वाक्यांत लिहिता येतात, पण फोल्डराच्या एकूण आकारासाठी त्याला आपलीच स्क्रिप्ट चालवायला द्यावी लागते. दहाच्या वर सर्व्हर असतील तर सगळ्यांचे आकडे एका जागी गोळा करणारं प्रोमिथियस आणि प्रत्येक सर्व्हरवरून ते देणारा नोड एक्स्पोर्टर. त्यात ‘प्रेडिक्ट-लिनिअर’ नावाचं फंक्शन वर सांगितलेला तासांचा हिशेब एका ओळीत करतं, आणि फोल्डरांचे आकडे टेक्स्टफाइल कलेक्टरमधून देता येतात. ती फाइल आधी दुसऱ्या नावाने लिहून मग ‘एमव्ही’ने जागेवर आणा, म्हणजे अर्धवट वाचली जात नाही. झॅबिक्समध्ये फाइल, फोल्डर आणि फाइलसिस्टम तिन्हींच्या आकाराचे तयार आयटम आहेत. विंडोज सर्व्हरवर फाइल सर्व्हर रिसोर्स मॅनेजर नावाचा रोल घालून फोल्डरावर सॉफ्ट कोटा लावा. तो लिहायला अडवत नाही, ठरलेल्या टक्क्यांवर मेल करतो. मेलच्या बाबतीत मात्र वरचं सगळं तिथेही लागू.

मी अजून स्क्रिप्टवरच आहे. ती फोनवरून वाचता येते आणि फोनवरूनच दुरुस्त करता येते. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मात्र प्रत्येक सर्व्हरवर एक फेरी हाताने मारतो: सात दिवसांच्या वेगाने किती दिवस उरलेत, कुणी डीबग चालू ठेवलाय का, ‘राखीव’ फाइल जागेवर आहे का, आणि यादीतल्या माणसांपैकी चवथीला गावी कोण चाललाय. जो चाललाय त्याच्या नावापुढे त्या पाच दिवसांसाठी दुसरं नाव लिहितो. गेल्या खेपेला ते नाव माझ्या धाकट्या भावाचं होतं. त्याला फक्त एकच कमांड शिकवली होती: ‘राखीव’ कशी उडवायची.